इंदूरच्या उन्हाळ्यात गोठलेली माती

इंदूरमध्ये जमीन गोठत नाही. जानेवारीत एखाद्या पहाटे हरभऱ्याच्या पानांवरचं दव गोठतं, दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो येतो आणि दुपारी माणसं स्वेटर कमरेला बांधून राजवाड्यावर फिरत असतात. जमिनीत चार बोटं खाली बर्फ असल्याचं इथे कुणी पाहिलेलं नाही. असं असून माझ्या पीएचडीचा मोठा भाग गोठलेल्या मातीतून पाणी कसं वाहतं याचं गणित करण्यात गेला, तोही सुदामानगरातल्या माडीवर, कूलरसमोर बसून. "म्हणजे तुला लडाखला जावं लागतं का रे?" हे घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. जावं लागलेलं नाही. गोठलेल्या मातीपर्यंत मी पोचलो तो माळव्याच्या काळ्या मातीतून, आणि ती वाट वाटते तितकी वाकडी नाही.

मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, दिलेलं पहिलं काम साधं होतं. हातोदजवळ माझ्या काकांची शेती आहे. तिथे पाऊस पडला की पाणी किती वेळात किती खोल मुरतं, याचं मॉडेल करायचं. विहिरीच्या पातळीखाली मातीची सगळी छिद्रं पाण्याने भरलेली असतात. त्याच्या वरच्या पट्ट्यात मात्र छिद्रांत पाणीही असतं आणि हवाही. पिकाची मुळं याच पट्ट्यात असतात, वाफसा येतो तो इथेच, आणि गणित अवघड होतं तेही इथेच. कारण इथलं पाणी मोकळं नसतं, मातीच्या कणांनी ते धरून ठेवलेलं असतं. माती जितकी वाळते तितकी ही पकड घट्ट होते, आणि उरलेल्या पाण्याला वाहायला वाटही तितकीच अरुंद उरते.

आँरी डार्सीने १८५६ साली दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याबद्दल लिहिताना वाळूतून वाहणाऱ्या पाण्याचा नियम मांडला, पण तो पूर्ण भिजलेल्या वाळूचा. १९०७ मध्ये एडगर बकिंगहॅमने तो अर्धवट ओल्या मातीला लावला: वाहकता, म्हणजे माती पाण्याला किती सहज वाहू देते ते, हा स्थिर आकडा धरायचा नाही, ती ओलीबरोबर बदलते. १९३१ मध्ये लोरेन्झो रिचर्ड्सने त्याला पाण्याच्या जमाखर्चाची अट जोडली. आज जगभर ज्याला रिचर्ड्सचं समीकरण म्हणतात ते एवढंच आहे. कागदावर एक ओळ. पण तिच्यातले दोन गुणक स्वतः उत्तरावर अवलंबून असतात आणि ओल जराशी बदलली की शेकडो पटींनी बदलतात, त्यामुळे ही एक ओळ सोडवण्यात माणसांचे संसार उलटून जातात. माझा अजून उलटलेला नाही, कारण तो मांडलेलाच नाही, असं आई म्हणते.

या समीकरणाला मातीची ओळख लागते: खेच (मघाची ती पकडच, बारमध्ये किंवा पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरमध्ये मोजलेली) किती असताना माती किती पाणी धरून ठेवते, तो वक्र. प्रयोगशाळेत तो दाबाच्या भांड्यात काढतात. वाळूचं मोजमाप लवकर उरकतं, पण काळ्या मातीतलं पाणी १५ बार दाबाला बाहेर पडून स्थिर व्हायची वाट बघत बसावं लागतं. म्हणून सुरुवातीला बहुतेक जण तयार आकडे उचलतात. व्हॅन गेनुख्टेनच्या १९८० च्या सूत्रात घालायला कार्सेल आणि पॅरिश यांनी १९८८ मध्ये दिलेली यादी सगळीकडे वापरतात. त्यात चिकणमातीची पूर्ण भिजल्यावरची वाहकता दिवसाला ४.८ सेंटिमीटर आहे आणि वाळूची ७१२.८. दिवसाला ४.८ म्हणजे तासाला २ मिलिमीटर. हा आकडा घालून मॉडेल चालवलं, तर आषाढातली एक जोरदार सर आली की बहुतेक पाणी वाहून जातं, असं उत्तर येतं.

काकांना मी ते चित्र मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, मृगाच्या पहिल्या पावसाचं पाणी बांधावरून जाताना मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. आधी भेगा पितात. भेगा मिटल्या की मग बघ, नाला कसा वाहतो ते."

पुस्तकात हेच अनेक पानांत लिहिलेलं आहे. काळ्या मातीत स्मेक्टाइट जातीची खनिजं असतात, ती पाण्याने फुगतात आणि वाळली की आकसतात. मे महिन्यात हातोदच्या रानात हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा असतात. पहिलं पाणी मातीच्या अंगातून मुरत नाही, ते भेगेतून थेट तळाला जातं आणि तिथून बाजूला झिरपतं. म्हणून मॉडेलमध्ये एकाच जागी दोन माती धरतात: एक भेगांची, भराभर वाहणारी, दुसरी ढेकळांची, सावकाश पिणारी, आणि दोघींमध्ये देवाणघेवाण. त्यातही भेगांची रुंदी ओलीबरोबर बदलत राहते. मी हा भाग जमेल तेवढा केला. त्याचं समाधानकारक उत्तर कुणाकडे आहे असं मला वाटत नाही, भेगा कशा मिटतात याचं प्रत्येकाचं सूत्र वेगळं आहे.

काळी माती गणितालाही सरळ जात नाही. व्हॅन गेनुख्टेनच्या सूत्रात n नावाचा एक घातांक आहे. वाळूसाठी तो २.६८, चिकणमातीसाठी १.०९. तो १ च्या इतका जवळ असला की माती जवळजवळ भिजलेली असताना वाहकतेचा वक्र कड्यासारखा कोसळतो आणि संगणक त्या कड्यावर अडकून बसतो. फोगेल, व्हॅन गेनुख्टेन आणि चिस्लेरोव्हा यांनी २००१ मध्ये यावर एक उपाय सुचवला: पहिले २ सेंटिमीटर खेच बसेपर्यंत माती भरलेलीच धरायची. बदल इतका किरकोळ की मातीच्या मोजमापात तो दिसणारही नाही, पण गणिताचा स्वभाव पार बदलतो. हायड्रस या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय एका खुणेवर मिळते. मॅडमचा आग्रह असा होता की हायड्रस ताडून बघायला वापर, पण सोडवणूक स्वतः लिही. तेव्हा मनात चरफडलो होतो. आज कुणी विचारलं तर मीही तेच सांगेन. तयार सॉफ्टवेअर उत्तर देतं, पण ते कुठे घाम गाळतं हे दाखवत नाही.

पायथनमध्ये लिहिताना मी आधी मुद्दाम जुनी पद्धत घेतली, फक्त खेच हे अज्ञात धरून लिहिलेली. सेलिया आणि सहकाऱ्यांचा १९९० चा लेख या क्षेत्रात सगळ्यांना वाचावा लागतो. त्यातलं उदाहरण घेतलं: आतली माती उणे १००० सेंटिमीटर खेचेला, वरची कड उणे ७५ ला, आणि ओल खाली सरकते आहे. वेळेची पावलं लहान ठेवली की उत्तर बरोबर. पावलं मोठी केली की ओलीचा पुढचा काठ मागे राहतो, आणि वरून आत गेलेलं पाणी व मातीत वाढलेलं पाणी यांचा मेळ बसत नाही. सीतलामाता बाजारातला मुनीम रात्री खतावणी लावतो तशी इथे प्रत्येक पावलाला जमा आणि शिल्लक ताडून पाहावी लागते. जुन्या पद्धतीत ती जुळत नाही, कारण खेचेतला बदल गुणिले मातीची धारणक्षमता म्हणजे पाण्यातला बदल, असं ती धरते, आणि तेवढ्या पावलात धारणक्षमताच बदलून गेलेली असते. सेलियांचा उपाय असा, की वेळेच्या बाजूला पाण्याचं प्रमाण थेट लिहायचं. तीच माती, तेच समीकरण, आणि पैसा-पैसा जुळतो. हे मुद्दाम लांबवून सांगतो आहे, कारण बर्फाशी गाठ पडल्यावर हाच उपाय पुन्हा कामी आला.

बर्फ आला तो मॅडमच्या एका प्रश्नातून. हिमालयातल्या रस्त्यांखालची माती हिवाळ्यात फुगते, त्यावर काम करणाऱ्या एका गटाशी त्यांचं बोलणं चालू होतं. त्यांनी विचारलं, "तुझ्या कोडमध्ये तापमान घातलं तर किती काम वाढेल?" मी म्हटलं, "मॅडम, नवीन समीकरण येईल, नवीन मातीची माहिती लागेल." पहिलं खरं निघालं, दुसरं नाही.

मातीतलं पाणी शून्याला एकदम गोठत नाही. मोठ्या छिद्रांतलं आधी गोठतं, कणांना चिकटून असलेला पातळ थर बर्फाच्या शेजारी द्रवच राहतो. तापमान जितकं खाली, तितका हा थर पातळ आणि तितकी त्याच्यावरची पकड घट्ट. म्हणजे उरलेल्या द्रव पाण्याच्या दृष्टीने पाहिलं तर माती गोठते आहे की वाळते आहे, यात फारसा फरक नाही. पाण्याची जागा एकीकडे बर्फ घेतो, दुसरीकडे हवा. किती अंश थंडी म्हणजे किती खेच, हे क्लॅपेरॉनच्या समीकरणातून निघतं: १ किलो पाणी गोठताना बाहेर पडणारा ३३४ किलोज्यूल अप्रकट उष्मा भागिले २७३ केल्व्हिन. उत्तर येतं दर अंशाला साधारण १.२ मेगापास्कल, म्हणजे १२ बार.

हा आकडा मी वहीत काढला तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. पीक कायमचं कोमेजतं ती मर्यादा १५ बार धरतात. १५ बार म्हणजे उणे सव्वा अंश. शून्याखाली फक्त सव्वा अंश गेलेली माती तिच्यातल्या द्रव पाण्यासाठी मे अखेरीच्या हातोदच्या रानाइतकी कोरडी असते. आणि दाबाच्या भांड्यात इतके दिवस घालवून मिळवलेला वक्रच इथे पुन्हा वापरायचा, फक्त आडव्या अक्षावर खेचेच्या जागी तापमान लिहून. वर दिलेल्या यादीतले आकडे घालून पाहिले. चिकणमाती पूर्ण भिजली की घनफळाच्या ३८ टक्के पाणी धरते, आणि १५ बारला, म्हणजे उणे सव्वा अंशाला, तिच्यात २७ टक्के पाणी अजून द्रव असतं. वाळूत तेवढ्याच थंडीत ४.५ टक्के, म्हणजे मुळात न निघणारं तेवढंच. वाळू शून्याला टेकताच गोठून मोकळी होते. काळी माती अर्धवट गोठलेल्या अवस्थेत कितीतरी अंश रेंगाळते.

आता खेच आली म्हणजे पाणी ओढलं जाणार. वरून गोठणारा थर खालच्या न गोठलेल्या मातीतून पाणी वर खेचतो, तसंच जसं उन्हाने वाळणारा वरचा थर खेचतो. रस्ते फुगतात ते यामुळे. पाणी गोठताना साधारण ९ टक्के पसरतं म्हणून जमीन फुगते, असं मीही शाळेत शिकलो होतो. स्टीफन टेबरने १९३० च्या सुमारास तो समज मोडला. त्याने मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरून ते गोठवलं. बेंझीन गोठताना आकसतं, तरी माती फुगली. फुगवटा येतो तो खालून ओढून आणलेल्या द्रवाचे थरावर थर गोठत जातात म्हणून.

१९७३ मध्ये हार्लनने उष्णता आणि पाणी यांची दोन समीकरणं एकत्र जोडून सोडवली, आणि त्यानंतरची बहुतेक मॉडेलं त्याच वाटेने गेलेली आहेत. लिहायला बसल्यावर खरा त्रास देतं ते उष्णतेचं समीकरण. एक घनमीटर ओली माती एक अंश थंड करायला दोन-तीन मेगाज्यूल काढावे लागतात. तिच्यात ३३ टक्के पाणी असेल तर ते सगळं गोठवायला ११० मेगाज्यूल. वाळूच्या बाबतीत हे ११० मेगाज्यूल अंशाच्या एका बारीक फटीत कोंबलेले असतात. संगणकाने एका पावलात अधिक ०.२ वरून उणे ०.३ वर उडी मारली, तर ती फट त्याला दिसतच नाही. सगळा अप्रकट उष्मा हिशेबातून गायब आणि माती झपाट्याने गोठून जाते. इथे सेलियांचाच उपाय: तापमानातल्या बदलाऐवजी एकूण उष्णतेतला बदल थेट लिहायचा. पाण्याची खतावणी आणि उष्णतेची खतावणी, दोन्ही प्रत्येक पावलाला.

उत्तर ताडायला योझेफ श्टेफानचं एकोणिसाव्या शतकातलं सूत्र पुरतं. त्याने ध्रुवीय समुद्रावरच्या बर्फाची जाडी कशी वाढते ते काढलं होतं. खोली वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते: दुप्पट खोल गोठायला चौपट वेळ. माझा कोड पाण्याचं वहन बंद ठेवून त्या रेषेवर बसला, मग वहन चालू केलं.

खऱ्या मोजमापाशी तुलना करायला जगभर मिझोगुचीचा १९९० चा प्रयोग घेतात. हान्सन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हायड्रसमध्ये गोठणं घातलं तेव्हा तोच घेतला होता. जपानच्या कानागावातली वाळूमिश्रित माती, २० सेंटिमीटर उंच आणि ८ सेंटिमीटर व्यासाच्या नळ्यांत भरलेली, सुरुवातीला ६.७ अंश आणि ३३ टक्के पाणी. वरच्या टोकावर उणे ६ अंशांचा द्रव फिरवायचा, बाकी सगळीकडून झाकायचं, आणि १२, २४ आणि ५० तासांनी एकेक नळी काढून तिचे काप करून सुकवायचे. ५० तासांनंतर वरच्या भागातलं एकूण पाणी स्पष्टपणे वाढलेलं आणि खालचं घटलेलं दिसतं.

मलाही आमच्या मातीचं बघायचं होतं. ओळखीच्या कुल्फीवाल्याचा जुना डीप फ्रीजर मिळाला. त्याची थंडी आवरायला बाहेरून थर्मोस्टॅट जोडला, पीव्हीसी पाइपला बाजूने आणि तळाशी थर्माकोलचं जाड कवच घातलं आणि तोंड उघडं ठेवलं. काळी माती चाळून, ओली करून पाइपात ठासणं हे शारीरिक शिक्षेसारखं काम आहे. सुरीला चिकटते, नखांत बसते, आणि रात्रभर ठेवली तर फुगून स्वतःच पाइपाच्या वर येते. मे महिन्यात वीज गेली की माझी इथली बर्फभूमी वितळायला लागायची, मग आई खालून ओरडायची, "तुझा लडाख गळतोय!"

दोन गोष्टी बघायला मजा आली. पहिली, तापमान शून्याखाली उतरत राहतं, काहीच गोठत नाही, आणि मग अचानक उसळी मारून शून्याजवळ परत येतं. पाणी अतिशीत झालेलं असतं, बर्फाचा पहिला कण धरला की अप्रकट उष्मा एकदम सुटतो. माझ्या मॉडेलला ही उसळी कळत नाही, कारण त्यात बर्फ आणि पाणी सदैव समतोलात धरलेले आहेत. दुसरी, ओल मोजायचे स्वस्त सेन्सर. ते विद्युत अपार्यतेवर (पर्मिटिव्हिटी) चालतात, पाण्याची ८० च्या आसपास आणि बर्फाची ३. त्यामुळे माती गोठली की सेन्सरला ती कोरडी वाटते. कुंडीसाठीचा एक सेन्सर तर उणे ४ अंशांच्या बर्फगोळ्यातून झाडाला पाणी घालायचा इशारा देत होता.

मॉडेलने सांगितल्याप्रमाणे काळ्या मातीत पाणी वर सरकलं, पण थोडंसंच. खेच भरपूर, पण वाट फार अरुंद. महेश्वरहून आणलेल्या नर्मदेच्या गाळात ते जास्त सरकलं. थंड देशांतले रस्ते-इंजिनिअर याच बारीक गाळाला सगळ्यात जास्त भितात: वाळूइतका तो खेचेला कमी नाही आणि चिकणमातीइतका वाटेला अरुंद नाही.

एका गुणकाबद्दल मात्र माझं मत अजून वाईट आहे. छिद्रात बर्फ असला की पाणी आणखी अडतं, म्हणून वाहकता १० च्या ऋण घाताने कमी करतात, आणि त्या घातात बर्फाच्या प्रमाणाला ६ किंवा ७ ने गुणतात. हा आकडा कोणत्याही मोजमापातून सरळ येत नाही, बहुतेक वेळा तो उत्तर जुळेपर्यंत फिरवतात. गोठणं हे वाळण्यासारखंच असेल, तर वाहकता द्रव पाणी घटल्यामुळे आधीच कमी झालेली आहे, मग दुसऱ्यांदा कशाला कापायची? मॅडम म्हणतात, "काढून टाक आणि बघ." काढलं की वर जास्तच पाणी जमतं. ठेवलं तर उत्तर जुळतं, पण मन जुळत नाही. दोन्ही आलेख मी प्रबंधात ठेवले आहेत.

सध्या काम चालू आहे ते वसंतातल्या वितळणाऱ्या बर्फाचं: गोठलेल्या जमिनीवर ते पाणी पडलं तर मुरतं की वाहून जातं? जमीन हिवाळ्याआधी कोरडी असेल तर रिकामी छिद्रं पाणी घेतात, ते आत जाऊन गोठतं आणि गोठताना मातीला ऊबही देतं. ओली असताना गोठली असेल तर फारसं काही आत जात नाही. ग्रेंजर, ग्रे आणि डाइक यांनी १९८४ मध्ये कॅनडाच्या गवताळ प्रदेशातल्या शेतांचे यावरून तीन वर्ग केले. पृष्ठभागाशी बर्फाचा थर असलेल्या मातीत पाणी जवळपास मुरतच नाही. मधल्या वर्गात जमिनीवर साठलेला बर्फ किती आणि मातीच्या वरच्या ३० सेंटिमीटरमधला बर्फ किती यावर ते ठरतं. तिसऱ्या वर्गात जवळजवळ सगळं पाणी आत जातं, जमीन गोठलेली असली तरी. या तिसऱ्या वर्गात येते ती भेगा पडलेली कोरडी जड चिकणमाती.

ते वाचून मी काकांना फोन केला की या मेमध्ये नांगरट करायच्या आधी मला भेगांची मापं घ्यायची आहेत. "ये की," ते म्हणाले, "पण सकाळी लवकर ये, आणि येताना पोहे घेऊन ये."